मुदत पंधरा दिवसांची, वाट पंधरा वर्षांची



घरपट्टीचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन वाक्यांवर हमखास टाळ्या पडतात. पहिले, 'एक पैसा भरायचा नाही.' दुसरे, 'माफी येणार आहे, थांबा.' बोलणारा खाली बसतो, ऐकणारा निर्धास्त होऊन घरी जातो. 'नोटीस आली असेल तर तक्रार कोणत्या तारखेच्या आत टाकायची?' असे मात्र कोणी विचारत नाही, कारण त्यावर टाळी मिळत नाही. आजचा लेख या बिनटाळीच्या प्रश्नावर आहे.

तळवड्याचेच घ्या. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. गावठाणातले घर, मळ्यातली वस्ती, गोठा, सगळे ग्रामपंचायतीच्या वहीतून उठून महापालिकेच्या करआकारणी नोंदवहीत गेले. जमिनी कारखान्यांखाली गेल्या, आयटी पार्कखाली गेल्या, रस्त्यांखाली गेल्या. उरलेल्या चार-पाच गुंठ्यांवर आपल्या माणसांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. शेती संपल्यावर पोटाला लावायचे पीक तेवढेच उरले होते, भाडे. 'परवानगी का घेतली नाही?' असे शहाणे लोक विचारतात. परवानगी मागायला गेलेल्याला काय उत्तर मिळाले, तेही त्यांनी विचारावे. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती जो रेड झोन आखला आहे, त्यात तळवडे-रुपीनगरचा मोठा भाग येतो. तिथे नकाशा मंजूर होत नाही. म्हणजे घर नकाशात नाही, पण बिलात आहे.

आणि बिलातही एकपट नव्हते. महापालिका कायद्यात कलम २६७-अ २००८ साली आले. बेकायदा बांधकामावर दरवर्षी मिळकतकराच्या दुप्पट दंड, बांधकाम बेकायदा राहील तोपर्यंत. दंड भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही त्याच कलमात लिहून ठेवले आहे. यालाच आपण शास्तीकर म्हणतो. त्याविरुद्ध या पट्ट्यात मोर्चे निघाले, धरणी झाली, निवडणुका लढवल्या गेल्या. मधल्या काळात लहान निवासी घरांना टप्प्याटप्प्याने सवलती मिळाल्या आणि अखेर ३ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने पिंपरी-चिंचवडमधला तोवरचा शास्तीकर माफ झाला. आंदोलनाने काही मिळत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावे.

पण त्या निर्णयातली अट किती जणांनी वाचली? मूळ कर पूर्ण भरला, तरच शास्तीकर माफ. शिवाय ही माफी त्या तारखेपर्यंतच्या बांधकामांची. पुढच्यांची नाही. २००८ ते २०२३ ही पंधरा वर्षे 'थांबा, माफी येणार आहे' या भरवशावर ज्यांनी मूळ करही भरला नाही, आणि मूळ आकारणी चुकीची असताना तक्रारही केली नाही, त्यांचे काय झाले याचा हिशेब आपल्यापैकी कोणी मांडलेला नाही.

इथे नावाचा एक घोळ आहे, तो आधी सोडवू. बेकायदा बांधकामाचा तो शास्तीकर. बिल वेळेत भरले नाही म्हणून दरमहा २ टक्के लागते तीही शास्तीच, पण ती वेगळी. माफी पहिल्याची झाली. दुसरी घड्याळासारखी चालत राहते. धरून चाला, एका घराला वर्षाला ९,००० रुपये कर आहे आणि पाच वर्षे भरलेला नाही. मुद्दल ४५,०००. दरमहा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. पहिल्या वर्षाच्या बिलावर पाच वर्षांची, दुसऱ्यावर चार वर्षांची, अशी ढोबळ बेरीज केली तर ३२,४०० रुपये होतात. एकूण ७७,४००. सावकाराच्या व्याजाविरुद्ध आपण आयुष्यभर बोललो. हा दर त्याच्या पंगतीला बसणारा आहे. आता समजा त्या घराची आकारणीच चुकली आहे. गोठ्याची नोंद गोदाम म्हणून झाली आहे, किंवा स्वतःच्या राहत्या खोल्या भाड्याच्या म्हणून लिहिल्या आहेत. खरा कर ९,००० नव्हे, ५,००० असायला हवा. मग पाच वर्षांनी आपण जप्तीच्या नोटिशीसमोर उभे राहून 'आकारणीच चूक आहे' म्हटले, तर कायदा काय म्हणतो?

कायदा म्हणतो, तेव्हा का नाही बोललात?

हा कायदा १९४९ चा. पूर्वीचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, आताचे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नाव बदलले, काटा तोच. कर बसतो तो करयोग्य मूल्यावर, म्हणजे मिळकतीला वर्षाला जे भाडे येऊ शकेल त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा करून जे उरते त्यावर. हे मूल्य पहिल्यांदा ठरवले किंवा वाढवले की मालकाला किंवा राहणाऱ्याला खास नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली असते. हरकत आयुक्तांकडे लेखी द्यायची. आयुक्तांच्या वतीने सुनावणी होते आणि निर्णय होतो. तो पटला नाही तर कलम ४०६ खाली अपील, आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर. त्याची मुदत पंधरा दिवस. पंधरा आठवडे नव्हे. न्यायाधीशांच्या निर्णयावर पुढे जिल्हा न्यायालयात जाता येते, तेही काही अटींवर आणि महिनाभरात.

आयुक्तांकडे आधी हरकत घेतलेली नसेल, तर करयोग्य मूल्यावरचे अपील ऐकूनच घेतले जात नाही. बिल आलेले असेल तर त्या बिलाची रक्कम आधी जमा करावी लागते, नाहीतर दार बंद. आणि ज्या मूल्यावर कोणी हरकत-अपील केले नाही ते अंतिम, असे कायद्यातच लिहिले आहे. त्यामुळे वसुलीची नोटीस आल्यावर आकारणीचे भांडण काढणे म्हणजे वाफसा निघून गेल्यावर पाभर घेऊन शेतात जाणे. मातीचा दोष नाही, बियाण्याचा नाही, पण उगवत नाही.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहा. कोणाची मिळकत आकारणीतून सुटली असेल, तर महापालिकेला सहा वर्षे मागे जाऊन कर लावता येतो. तिने विसरावे सहा वर्षे, आपण विसरू नये पंधरा दिवस. गेल्या काही वर्षांत महापालिकेने मिळकतींचे नव्याने सर्वेक्षण केले आणि नोंद नसलेली बांधकामे वहीत आणली. हे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या हातात एकदम अनेक वर्षांचे बिल पडते. ते पाहून माणूस घाबरतो, घाबरून गप्प बसतो, आणि गप्प बसण्यातच मुदत जाते. महापालिकेवर दावा लावायचा म्हटला तरी कलम ४८७ आडवे येते. आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. दोन शेजाऱ्यांच्या बांधाच्या वादात इतकी घाई कायदा करायला लावत नाही. संस्था बलाढ्य असली की तिला कायद्याची छत्रीही मोठी.

'आधी पैसे भरा, मग अपील' ही अट अन्यायाची वाटते. वाटते काय, आहेच. पण ती न्यायालयात टिकलेली आहे हे माहीत असू द्या. अहमदाबादच्या अनंत मिल्सने याच १९४९ च्या कायद्यातल्या याच कलमाला, गुजरातला लागू असलेल्या रूपात, आव्हान दिले होते. गुजरात उच्च न्यायालयाने अट रद्द केली, पण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो देताना कायदा अट घालू शकतो, असा त्याचा गाभा. पुढे १९९२ साली दिल्ली महापालिकेच्या कायद्यातल्या तशाच अटीबद्दल श्याम किशोर खटल्यातही निकाल त्याच दिशेने गेला. गिरणीमालकाला जे जमले नाही ते आपल्याला एका रिट अर्जात जमेल, असे कोणी वकील सांगत असेल तर त्याच्या फीची पावती मागा. उच्च न्यायालयाचे दार बंद नाही. पण तिथे पहिला प्रश्न विचारला जातो, 'कायद्यात अपील दिले होते, तिकडे का गेला नाहीत?'

आता जप्तीकडे. बिल, मग मागणीची नोटीस, मग अधिपत्र म्हणजे वॉरंट, मग जंगम मालमत्तेची जप्ती, आणि शेवटी स्थावराची जप्ती व लिलाव, असा हा जिना आहे. मिळकतकराचा बोजा मिळकतीवर पहिला असतो, म्हणजे बँकेच्याही आधी. न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत शेतकऱ्याची अवजारे, बी-बियाणे, उदरनिर्वाहाची जनावरे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. महापालिकेचा माणूस दारात आला तर हीच यादी त्याच्यासमोर वाचावी आणि पंचनाम्यात नोंद करायला लावावी.

हा विषय फक्त आपल्याच पदरी आला आहे असे नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका वयोवृद्ध बाईंचे घर तिथल्या स्थानिक सरकारने थकलेल्या करापोटी घेतले. दंडासह थकबाकी सुमारे १५,००० डॉलर, घर विकले गेले ४०,००० डॉलरला, आणि वरचे २५,००० सरकारने खिशात घातले. मे २०२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की देणे होते तेवढेच घ्या, वरचे पैसे मालकिणीचे. बाईंचे वय तेव्हा ९४ होते. कराचे देणे त्यांनी नाकारले नव्हते. देण्यापेक्षा जास्त नेले, एवढ्यावरच त्या लढल्या आणि जिंकल्या. मला या खटल्यातली ही गोष्ट महत्त्वाची वाटते. 'काहीच देणार नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'देणे नेमके किती, ते दाखवा' म्हणणारा माणूस सरकारला जास्त जड जातो.

आपल्यातले काही सहकारी यावर रागावतील, हे मला ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे की, अपिलाच्या वाटेने गेलो तर आकारणीचा हक्क मान्य केल्यासारखे होते. जमीन आमची गेली, भाव मिळाला नाही, पाणी-रस्ता उशिरा आला, मग कर कसला? या युक्तिवादात खोटे काही नाही. पण चाकणच्या कांद्याच्या आंदोलनात १९८० साली जी माणसे रस्त्यावर बसली, ती बसण्याआधी कांद्याच्या उत्पादनखर्चाचा हिशेब मांडून बसली होती. आंदोलन हिशेबावर उभे राहते. आणि मोर्चा निघाला म्हणून मुदतीचे घड्याळ एक मिनिटही थांबत नाही. मंत्र्याने सभेत आश्वासन दिले म्हणूनही थांबत नाही. लेखी स्थगिती हातात येईपर्यंत आश्वासन म्हणजे हवामानाचा अंदाज. तो ऐकून पेरणी करणारा शेतकरी आपण पाहिलेला आहे. शिवाय 'भरू नका' म्हणणाऱ्या पुढाऱ्याचे स्वतःचे बिल भरलेले असते, हा अनुभव गावोगाव विचारून पाहावा.

मी शेतकीचा पदवीधर, वकील नाही. पण गेली काही वर्षे लोकांची बिले वाचता वाचता कळले ते सांगतो. पहिली लढाई तारखेची असते. नोटीस कोणत्या दिवशी कोणाच्या हातात पडली, यावर सगळे अवलंबून. महापालिकेने २०२३ पासून बिले वाटण्याचे काम महिला बचत गटांना दिले. या बाया आपल्यातल्याच. त्यांच्याशी भांडू नका, पण बिल घेताना त्यावर आणि त्यांच्या यादीत त्या दिवसाची तारीख घाला आणि मग सही करा. घरातल्या कोणाही प्रौढ माणसाच्या हाती दिलेली किंवा दारावर चिकटवलेली नोटीसही बजावलेली धरली जाते, म्हणून 'मी गावाला होतो' हे उत्तर चालत नाही. सासूने घेऊन फडताळात ठेवलेले पाकीट पाच महिन्यांनी सापडते, आणि तोवर मुदत संपलेली असते. बिल अजून आजोबांच्या नावाने येत असेल, आणि आजोबा जाऊन दहा वर्षे झाली असतील, तर वारसांची नोंद आधी लावा. मयताच्या नावावरचा कागद गंभीरपणे कोणी उघडत नाही, पण वसुली जिवंताकडून होते.

दुसरे, हरकत गोल-गोल लिहू नका. 'कर जास्त आहे, गरिबावर अन्याय आहे' असे लिहिलेल्या अर्जाचा निकाल एका ओळीत लागतो. मापे काढा. नोंदवहीचा उतारा मागा आणि त्यातले क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वर्ष, पत्रा की स्लॅब, स्वतः राहता की भाड्याने, हे एकेक तपासा. कुठे चूक आहे ती आकड्यात लिहा. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत घरी ठेवा. सुनावणीला स्वतः जा आणि निकाल मिळाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. कागद माहितीच्या अधिकारातून मागवू म्हणून बसलात तर त्या कायद्यात उत्तराला तीस दिवस आहेत, आणि अपिलाला पंधरा. हे गणित ज्यांनी केले त्यांना ते दिसले नसेल असे वाटत नाही.

तिसरे, भरायचे ते 'हक्क राखून, निषेधासह' असे लिहून भरा. भरल्याने तक्रार मरत नाही. उलट न भरल्याने मरते. ज्यांची मुदत आधीच गेली आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत. मागची वर्षे अडकली, तरी दरवर्षी नोंदवहीची जाहीर नोटीस निघते आणि त्या वर्षासाठी हरकत घेता येते. निदान पुढचे नुकसान थांबते. विलंब माफीचा अर्ज हा मार्ग वकील सुचवतील, तो करून पाहावा. पण त्याच्या भरवशावर राहू नये.

तळवड्याच्या बाहेरच्या मंडळींसाठी एक सूचना. वरचे सगळे महापालिकेचे. चाकण, आळंदी या नगर परिषदांना १९६५ चा कायदा लागू आहे, त्यातली अपिलाची वाट आणि मुदत वेगळी. ज्यांची गावे अजून ग्रामपंचायतीत आहेत त्यांना १९५८ चा कायदा आणि पंचायत समितीकडे अपील. शेजारच्या गावची मुदत ऐकून स्वतःच्या गावात वापरू नका. महापालिकेची हद्द मात्र वाढती आहे. पुण्यात २०१७ साली अकरा गावे घेतली, नंतर आणखी घेतली, आणि कराची ओरड लगेच सुरू झाली. इंद्रायणीच्या पलीकडच्या गावांनी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या आजच जपून ठेवाव्यात. हद्दवाढ झाल्यावर घर केव्हाचे आणि केवढे होते, याचा तोच पुरावा.

आपली मागणी काय असावी? माझ्या मते चार कलमी निवेदने पुरे झाली, एकच गोष्ट धरावी. प्रत्येक बिलाच्या आणि नोटिशीच्या पाठीवर, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा: हरकत कोणाकडे, किती दिवसांत, अपील कुठे, किती दिवसांत, किती पैसे भरून. हे छापलेले नसेल तर मुदत सुरूच झाली नाही असे धरा. याला पैसा लागत नाही. लागतो तो आयुक्तांचा हुकूम, आणि कायद्यात टिकायला एका ओळीची दुरुस्ती. पंधराचे साठ दिवस करा आणि पूर्ण रकमेऐवजी वादात नसलेली रक्कम भरून घ्या, ही त्यापुढची लढाई, ती विधिमंडळात लढावी लागेल. जिल्हा बैठकीत मी पहिल्या मागणीचा ठराव मांडणार आहे. ज्यांना तो मिळमिळीत वाटतो त्यांनी उठून विरोध करावा, मला चर्चा हवी आहे.

बैठकीला येताना तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव इथल्या मंडळींनी घरातली शेवटची तीन बिले, आलेली प्रत्येक नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही आणावे. पाकिटे फेकू नका. टपालाचा शिक्का पाकिटावर असतो, नोटिशीवर नसतो.